आठपैकी पाच

१७ नोव्हेंबर

साइटवरून आलं की चार ओळी लिहायच्या, ही माझी जुनी सवय. ऑगस्टपासून साइटवर जाणं बंद आहे, म्हणून लिहिणंही बंद पडलं होतं. आज वाटलं, साइट नसली तरी लिहायला काय हरकत आहे.

लिहिण्यासारखं फारसं नाही. हेमेंद्र दिघेचे दोन्ही वर्ग आता मीच घेते. आम्ही सहा वर्षं कॉलेजात एकाच खोलीत बसायचो. तो पर्मनंट, मी कंत्राटी, टेबलं मात्र सारखीच. विषयही एकच: संस्थानच्या काळातले जुने बांध, म्हणजे धरणं, आणि त्यांच्याखाली येणारा पूर. ऑगस्टमध्ये तो भैंसोरा बांधावरून मोटरसायकलवर परत येत होता. खाली नदीवर रपटा आहे, बसका पूल, पाणी वाढलं की वरूनच वाहतं. वर गेट उघडले गेले, इशाऱ्याचा भोंगा वाजला नाही. तो दुसऱ्या दिवशी बराच खाली सापडला. एरवी आम्ही दोघं जायचो. त्या दिवशी मला परीक्षेची ड्यूटी होती.

हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता न अडखळता येतं. आज हर्षिताला सांगितलं. ती एम.टेक.ला नवीन आली आहे, इथल्याच मोहित्यांची मुलगी. ऐकून ती रडली. मी तिला पाणी दिलं आणि पावसाचं पाणी किती वाहून येतं त्याचं, रनऑफचं, गणित पुढे चालू केलं.

२६ नोव्हेंबर

आईनं हट्टानं डॉक्टरकडे नेलं. किला गेटजवळच्या, नेहमीच्याच. मी म्हटलं थकवा आहे, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. त्यांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. मग विचारलं, "घरात काही झालंय का? कुणी गेलं?"

"नाही. घरात मी आणि आई, दोघीच असतो."

आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सांगायचं होतंस ना त्यांना."

"काय सांगायचं?"

"काही नाही. रिक्षा बघ."

२ डिसेंबर

रिपोर्ट आले. बी-ट्वेल्व्ह चांगलं आहे. थायरॉइड चांगलं आहे. माझ्यात काहीच कमी नाही.

६ डिसेंबर

रमाकांत सरांनी बोलावलं. सर आमचे विभागप्रमुख, वर्षभरात रिटायर होतील. आधी चहा मागवला, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचं होतं.

"सीमंतिनी, हेमेंद्रची जागा भरायची परवानगी आली. जानेवारीत जाहिरात, मार्चमध्ये इंटरव्ह्यू."

"बरं, सर."

"तू अर्ज करायचाच आहेस. तुझ्याइतकं काम इथे कुणाचं नाही. आपण इतकी वर्षं ओरडत होतो की हे बांध म्हातारे झालेत, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. एकवीस साली पुरात सिंध नदीवरचे पूल गेले आणि आता दिल्लीपासून सगळ्यांना हाच विषय हवाय. ही वेळ आहे बघ तुझी."

"करते अर्ज."

सरांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. "तुला त्याबद्दल काही वाटत असेल तर मोकळेपणी सांग."

मी खरंच शोधलं, पर्समध्ये किल्ली चाचपावी तसं. हाताला काही लागलं नाही. "काही नाही वाटत, सर."

"मग ठीक," ते म्हणाले. पण चहा तसाच ठेवला त्यांनी.

दर जुलैत माझं कंत्राट नवीन व्हायचं आणि दर मे महिन्यात मी ऑफिसात चकरा मारायचे. पर्मनंट झाले की काय काय करायचं हे हेमेंद्र आणि मी बांधाच्या भिंतीवर डबा खाताना ठरवत असू. पाण्याचे प्रयोग करायला लांब काचेचा चर बांधून घ्यायचा, स्वतःचे पीएच.डी.चे विद्यार्थी घ्यायचे, चंबळेपर्यंतचे सगळे जुने बांध एकेक करून बघायचे. दोघांनी मिळून. त्यात एकच गोष्ट धरलेली होती, की माझी जागा त्याच्याहून वेगळी असेल.

२० डिसेंबर

डोकं दुखतंय बरेच दिवस, म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला गेले. टोपी बाजारात हेमेंद्रच्या बायकोचं, अनसूयावहिनींचं, चष्म्याचं दुकान आहे. वडिलांकडून आलेलं, आता त्याच चालवतात. दुसरीकडे गेले असते तर बरं दिसलं नसतं. ऑगस्टनंतर आमचं बोलणं झालेलं नव्हतं.

मी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली.

"नंबर तोच आहे, ताई. डोळ्यांना काही नाही झालं."

"मग डोकं का दुखतं?"

"माझंही दुखतं," त्या म्हणाल्या. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी फ्रेम दाखवल्या, भाव केला, पाठवलं. मग माझा चष्मा पुसत म्हणाल्या, "जेवता ना नीट?"

"हो."

"मी नाही जेवत. सासर, माहेर, शेजारी, सगळे जेवू घालायला टपलेत. म्हणून नाही जेवत. तुम्हाला विचारतं का कुणी?"

"मला कशाला विचारतील?"

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला नाही. स्वतःच माझ्या नाकावर ठेवला, दोन्ही काड्या कानांवर नीट बसवल्या. असं सगळ्या गिऱ्हाइकांचं करतात की काय, माहीत नाही.

आईला हे सांगितलं. तिनं विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

"आणखी काय म्हणणार?"

आई पोळ्या लाटायला गेली.

११ जानेवारी

मॉडेलचं काम हर्षिताच्या मदतीनं पुन्हा सुरू केलं. हेमेंद्र ज्या पायरीवर थांबला होता तिथून पुढे.

भैंसोऱ्याच्या सांडव्यावर लोखंडी गेट आहेत, आठ. एकवीस सालासारखा पाऊस आला, तळं भरलेलं असलं आणि आठही गेट वेळेत थोडे थोडे उघडले, तर पाणी हळूहळू निघून जातं. खालच्या केवटपुरा गावाची एखादी गल्ली ओली होते, एवढंच. पण तीन गेट वर्षानुवर्षं हललेले नाहीत. साखळ्या गंजून एकजीव झाल्यात, हेमेंद्रनं फोटो काढलेले आहेत. पाच गेट धरले की पाणी बांधावर चढतं, मग नाइलाजानं पाचही एकदम पूर्ण उघडावे लागतात, आणि अर्धा केवटपुरा पाण्याखाली जातो.

हर्षिता म्हणाली, "मॅम, आठवाला पण करून ठेवते ना. बॅकअप राहील. दोन्ही नक्शे पास में असले तर टेन्शन नाही."

कर म्हटलं.

२३ जानेवारी

दिग्विजयसिंह तोमरांना भेटले. बांध ज्यांच्या ताब्यात आहे ते इंजिनिअर. मी फोटो दाखवले. त्यांनी ते नीट बघितले, एकेक.

"मैडम, कागज पर आठ हैं तो आठ हैं. मैं पाँच लिखूँगा तो ऊपर से पूछेंगे, बाकी तीन कब से बंद हैं और आप क्या कर रहे थे."

"सही पूछेंगे."

ते रागावले नाहीत. फोटो परत देत म्हणाले, "दिघे साहब वाले दिन मैं छुट्टी पर था. बहन की बेटी की सगाई थी. रोज सोचता हूँ, मैं होता तो भोंगा बजवाता."

मी विचारलं, गेटना ग्रीस वर्षातून किती वेळा देता. त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं आणि निघाले.

९ मार्च

सरांनी इंटरव्ह्यूची तयारी करून घेतली. "बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत ते पाटबंधारे खात्यातूनच वर गेलेले. त्यांच्यासमोर आठ गेटचा नकाशा दाखव. पाचाचा पुढचा अभ्यास म्हणून तोंडी उल्लेख कर. एकदा खुर्चीवर बस, मग पाच काय, दोन म्हण."

"बरं."

सरांचं चुकत नाही. त्यांनी आयुष्यभर असंच थोडं थोडं करून बरंच काम करवून घेतलंय. मी स्लाइडवर आठ गेटचा नकाशा घातला. हर्षिताचं तोंड उतरलं.

१४ मार्च

इंटरव्ह्यू झाला.

पहिलं सगळं नीट गेलं. शोधनिबंध किती, शिकवलं काय, प्रोजेक्ट कुठले. मग नकाशा पडद्यावर आला. केवटपुरा कोरडा, एका कडेला निळी रेघ. तज्ज्ञ म्हणाले, छान काम आहे. मग सहज, पाणी पीत पीत विचारलं, "तर तुमच्या पाहणीप्रमाणे किती गेट चालतात?"

"पाच," मी म्हटलं.

"तुमच्या स्लाइडवर तर आठ आहेत."

"स्लाइड चुकीची आहे."

कुणीतरी खुर्ची सरकवली. तज्ज्ञांनी पेला खाली ठेवला. "तुम्हीच बनवलीत ना?"

"हो, मीच बनवली."

त्यानंतर फारसं काही विचारलं नाही.

बाहेर सरांनी मला जिन्यापाशी गाठलं. "हे काय केलंस?"

"त्यांनी विचारलं, सर. किती चालतात ते विचारलं."

"ठरलं होतं ना आपलं? भीती नाही वाटली?"

"नाही."

खरंच वाटली नाही. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं होतं. काहीतरी ओढलं जातंय हे समजत होतं, बाकी काही नाही.

२९ मार्च

निकाल लागला. कोणीही योग्य उमेदवार आढळला नाही. जागा पुन्हा जाहीर करणार.

आता विभागात सगळे मला हिंमतवाली म्हणतात. एकानं खोलीत येऊन हात मिळवला. मला ते ऐकायला विचित्र वाटतं. घाबरलेल्या माणसानं खरं सांगितलं तर ती हिंमत. माझं तसं काहीच नव्हतं, तोंडात जे होतं ते बाहेर आलं. पण प्रत्येकाला हे कुठे समजावत बसू.

आई मात्र भडकली होती. दिवसभर भांडी आपटत होती. शेवटी माझ्यासमोर येऊन बसली. "तू रड तरी ग."

"नोकरीसाठी?"

"कशासाठीही रड."

मी प्रयत्न केला, तिच्यासाठी. आलं नाही.

१६ एप्रिल

पाच गेटचा नकाशा तोमरांना पाठवून दिला, हेमेंद्रच्या आणि माझ्या नावानं. सरांना विचारलं नाही, नंतर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याचं नाव पहिलं टाकलंस ना?" हो म्हटलं. तोमरांचं उत्तर नाही.

१८ मे

ऊन इतकं की छावनीतला बाजार दुपारी ओस पडतो. अशा उन्हात अनसूयावहिनी घरी आल्या. आईनं पन्हं केलं होतं, ते दिलं आणि स्वतः आत गेली. आई कधी पाहुण्यांना सोडून आत जात नाही.

वहिनींनी पेला जवळ ओढला. "तुम्ही मंगळवारी बांधावर जायचात ना? मंगळवारी घरी आला की तो खूप बोलायचा. बाकी दिवशी मुका. मला मंगळवारचा राग यायचा, ताई."

"आम्ही कामच करायचो, वहिनी."

"माहीत आहे मला. मी विचारायला नाही आले. ऐकायला आले. तिथे तो काय बोलायचा ते सांगा. माझ्याकडे अर्धंच यायचं."

मग मी आठवेल ते सांगितलं. गेटला तो नातेवाइकांसारखं वागवायचा. तिसरा गेट कधीच हलायचा नाही, त्याला रुसलेला जावई म्हणायचा. डब्यातली भेंडी मला देऊन माझं लोणचं घ्यायचा. पाण्याच्या काठाला गेला की आपोआप एक पाऊल मागे घ्यायचा, कारण त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याला चिडवायचे की पुराचा प्राध्यापक आणि पोहता येत नाही.

वहिनींचा हात पेल्यावर थांबला. "मला तर म्हणाला होता, येतं. लग्नाच्या आधीच म्हणाला होता. लहानपणी नदीत पोहायचो म्हणून."

"मला येत नाही म्हणाला होता."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

"पहिल्याच पावसाळ्यात."

त्या उठल्या. पन्हं तसंच राहिलं. दारात चपला घालताना म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी उगाच मनाला समजावते आहे. पोहता येत होतं, म्हणजे शेवटपर्यंत हातपाय मारले असतील, असं." आणि त्या उन्हात गेल्या.

आईला विचारलं, मी काही चुकीचं बोलले का.

आई म्हणाली, "खरं बोललीस. तेच तिला लागलं असेल."

नकाशातलं खरं आणि हे, यात फरक काय आहे ते मला ठरवता येत नाही. वहिनींना फोन करावा असं वाटलं. पण काय म्हणायचं? केला नाही.

३ जुलै

कंत्राट नवीन झालं, पण या वेळी सहाच महिन्यांचं. मे महिन्यात मी ऑफिसात एकदाही गेले नव्हते.

२२ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. आज दुपारी वर्गात होते तेव्हा फोन वाजत राहिला. तोमर होते. वर्गातूनच उचलला.

"मैडम, बाँध लबालब है और ऊपर अभी बरस रहा है. वो पाँच वाला नक्शा मेरे सामने खुला है. मैंने ऊपर बोल दिया है कि पाँच ही चलते हैं. केवटपुरा खाली करा रहा हूँ. लोगों को स्कूल में भेज दूँ?"

मी नकाशा उघडला. शाळा कोरडी होती, पाण्यापासून चांगली लांब. "भेज दीजिए."

"भोंगा बजवा दिया है," ते म्हणाले. मागे तो ऐकू येत होता. मी पहिल्यांदाच ऐकला. जुन्या गिरणीच्या भोंग्यासारखा, मध्येच घसा बसणारा. फोन बंद झाल्यावरही मी तो कानाशी धरून होते. हर्षिता म्हणाली, "मॅम, छुट्टी करून द्या ना सगळ्यांना." मी सुट्टी दिली.

नंतर पुन्हा तोमर. शाळेत पाणी शिरलं होतं. पायऱ्यांवर आलं, मग वर्गात. लोकांना तिथून उठवून टेकडीवरच्या देवळात नेलं. सगळे पोचले. मी पुन्हा पुन्हा विचारलं, सगळे का. ते म्हणाले, सगळे.

२४ जुलै

हर्षिताबरोबर केवटपुऱ्याला जाऊन आले. पाऊस थांबला आहे. तोमर तिथेच होते, दाढी वाढलेली, बूट चिखलानं भरलेले.

खालचा अर्धा पुरा नकाशात होता तसाच बुडाला होता. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघा आमच्या आकड्यांच्या जवळ होत्या, काही ठिकाणी तर अगदी तंतोतंत. माणूस एकही गेला नाही. शाळेचं मात्र चुकलं. आमच्या मोजणीनंतर पलीकडचा रस्ता उंच केला गेला होता, त्यानं पाणी अडलं आणि शाळेकडे वळलं. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मीच पुन्हा मोजायला यायला हवं होतं. आलेच नाही इकडे.

एक म्हातारी पडलेल्या भिंतीतून पितळी हंडा ओढून काढत होती. तोमरांनी तिला सांगितलं, या मॅडमनी नकाशा केला. तिनं मला खालीवर बघितलं. "एक बार उठाया. सामान उठाकर स्कूल गए. फिर वहाँ से भी उठाया. रात-दिन एक कर दिया. ठीक से नहीं बता सकती थीं?"

"स्कूल मेरी गलती है, अम्मा."

"तो सुधारो. अगले साल भी पानी आएगा." मग हंड्याचं दुसरं टोक धरायला तिनं मला खूण केली. आम्ही दोघींनी तो बाहेर काढला.

तोमरांची बदली झाली आहे. पाच गेटचं वर कबूल केलं, त्यावर चौकशी लागली. मला सांगताना त्यांनी आवाज अगदी हलका ठेवला होता. "अच्छा है, मैडम. बच्चों का स्कूल उधर बेहतर है." मी म्हटलं, मी तुमच्या बाजूनं लिहून देईन. ते म्हणाले, "आपकी खुद की नौकरी पक्की हो जाए, फिर लिखना."

येताना रपट्यावरून आलो. गाडी हर्षिता चालवत होती. पाणी उतरलं होतं, ऊन पडलं होतं. मध्यावर तिनं वेग कमी केला.

"मॅम, इथेच का?"

"हो."

"थांबू?"

"नको."

पलीकडे गेल्यावर मी तिला थांबवलं, उतरले, आणि काठावरच्या मोजपट्टीवरचं पाणी वाचून लिहून घेतलं. काहीच वाटलं नाही. वाटेल असं धरून चालले होते बहुतेक, कारण घरी येईपर्यंत मी दमून गेले होते.

७ ऑगस्ट

जागा पुन्हा जाहीर झाली. सर स्वतः जाहिरात घेऊन खोलीत आले. तोमरांच्या चौकशीत आमचा नकाशा पुरावा म्हणून लागलाय, त्यामुळे या वेळी तज्ज्ञ दुसरे असतील, असं म्हणाले. "मी मार्चमध्ये तुला चुकीचं सांगितलं होतं," एवढं बोलले आणि गेले. मी अर्ज भरायला घेतला. अर्धा झालाय.

संध्याकाळी अनसूयावहिनींचा फोन. मे महिन्यानंतर पहिलाच. "येत्या सोमवारी हेमेंद्रचं वर्षश्राद्ध आहे. तुम्ही यायचं. आईंनाही आणा."

"विभागातून कोण कोण येणार आहे?"

"विभागाला नाही बोलावलं. तुम्हाला बोलावलंय."

११ ऑगस्ट

आई आली नाही. म्हणाली, तू एकटी जा.

त्यांच्याकडे घरचीच माणसं होती. विधी हेमेंद्रच्या धाकट्या भावानं केला. मी खोलीच्या एका कडेला उभी होते. हेमेंद्रचे वडील, तात्यासाहेब, खुर्चीवर बसून सगळं बघत होते. ते पुण्याला धाकट्याकडे असतात, त्यांची माझी कधी भेट नव्हती. ऐकू फार कमी येतं. माझ्याकडे हात करून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "या कोण?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मी म्हणणार होते, विभागातली. तोवर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "या सीमंतिनी, तात्या. त्याच्याबरोबर बांधावर असायच्या. आज घरच्यांत बसतील." आणि मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

तात्यासाहेब माझ्याकडे झुकले. "मला एक सांगा. मास्तर माणूस. पावसात तिथे कशाला जायचा? मला कुणी नीट सांगत नाही."

मी सांगितलं, पाणी मोजायला.

"काय म्हणालात?"

"पाणी मोजायला जायचा. पाऊस असतानाच मोजावं लागतं."

"का?"

"गेट बंद आहेत हे कुणी मानत नव्हतं, म्हणून. या वर्षी मानलं. गाव रिकामं केलं, माणसं वाचली. त्याच्या मोजणीमुळे." हे सगळं मोठ्यानं सांगावं लागत होतं, थांबून थांबून, एकेक शब्द.

तात्यासाहेब मान हलवत राहिले. त्यांचे डोळे हेमेंद्रसारखे आहेत, हे मला तेव्हा दिसलं. मग मी आणखी काहीतरी बोलले. हळूच बोलले होते. बोलायचं ठरवलंही नव्हतं.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा म्हटलं.

"अजून मोठ्यानं."

"मला त्याची फार आठवण येते," मी ओरडले. भरल्या घरात, श्राद्धाच्या दिवशी. स्वयंपाकघरातला डावाचा आवाज थांबला. गुरुजींचा हात पंचपात्रावर तसाच राहिला. मला वाटलं आता उठून जावं, पण उठता येईना, कारण मी रडत होते, आणि ते थांबत नव्हतं. नाकातून, तोंडातून, लहान मुलासारखं. किती वेळ ते माहीत नाही.

अनसूयावहिनी हातातलं भांडं घेऊनच बाहेर आल्या. त्याही रडत होत्या. तात्यासाहेबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते सोडवायचा वहिनींनी प्रयत्न केला नाही.

"ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "बस आता, सीमंतिनी. इथेच बस. पान वाढते."